वाळवंटातले तळे लिटरात मोजू नये

नदी बारमाही की हंगामी, विहीर मार्चपर्यंत पुरते की मेपर्यंत, असे आपण सहज विचारतो. कालव्याचे पाणी आठमाही असते. पाण्याचे माप महिन्यांत घ्यायची ही रीत भाषेत इतकी मुरली आहे की ती रीत आहे हेही जाणवत नाही. मात्र वाळवंटात पावसाचे पाणी अडवायला तळी खोदली जातात आणि त्यांचा अहवाल लिहायला कोणी बसतो, तेव्हा हे महिने गळून पडतात. उरतात ते घनमीटर, लाख लिटर आणि पूर्ण झालेल्या कामांची संख्या. सोबत एक फोटो असतो. काठोकाठ भरलेले तळे, त्यात आभाळाचे प्रतिबिंब. फोटो खोटा नसतो, पण तो पाऊस पडून गेल्यावर आठवड्याभरात काढलेला असतो, आणि वाळवंटात त्या आठवड्यात पाण्याची अडचण कोणालाच नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की वाळवंटातल्या तळ्याची किंमत त्याने किती पाणी धरले यावर ठरत नाही. ते पाणी कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या गरजेपर्यंत आणि कसल्या वर्षात पोचले, यावर ठरते. हे पटवायला तत्त्वज्ञान लागत नाही, शाळेतले घनफळाचे गणित पुरते.

एक तळे घेऊ. तोंडाशी ३० मीटर बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, काठांना दीडास एक उतार, म्हणजे तळाशी २१ बाय २१. यात साधारण १९ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. पाटीवर हाच आकडा रंगवला जाईल. आता ऑक्टोबर ते मे हे आठ महिने धरू. राजस्थानातल्या थर वाळवंटासारख्या प्रदेशात हिवाळ्यात बाष्पीभवन कमी असते, एप्रिल-मेमध्ये ते भयंकर वाढते. सरासरी दिवसाला ६ मिलिमीटर धरले तर काही अतिशयोक्ती होत नाही. २४० दिवसांत १ मीटर ४४ सेंटिमीटर पाणी नुसते हवेत जाते. कोणी घोटभरही वापरले नाही, तरी मेअखेर उरतात साडेआठ लाख लिटर. निम्म्याहून जास्त पाणी सूर्य पिऊन गेला.

आणि हे तळ जराही झिरपत नाही असे धरून झाले. मातीच्या तळातून दिवसाला ५ मिलिमीटर पाझर म्हणजे फार नाही, रेताड जमिनीत याच्या कितीतरी पट असतो. तो हिशोबात घेतला की मेअखेर तळाशी ३६ सेंटिमीटर पाणी राहते, म्हणजे १ लाख ६७ हजार लिटर. त्यातला खालचा वीतभर थर चिखलाचा. पाटीवर १९ लाख ७० हजार, प्रत्यक्षात त्याच्या साडेआठ टक्के. तळ्याचा खर्च पाटीवरच्या लिटरांनी भागला तर काम स्वस्त वाटते. मेमध्ये हाती लागणाऱ्या लिटरांनी भागला तर तेच काम जवळजवळ बारापट महाग पडते. खर्च एकच, तळे एकच, बदलली ती फक्त भागाकाराची तारीख.

आता दुसरे तळे. तोंड २४ बाय २४, खोली ६ मीटर, उतार एकास एक, तळ १२ बाय १२. यात मावते २० लाख लिटरांच्या आसपास, म्हणजे पहिल्याइतकेच. बाष्पीभवन तेवढेच, १ मीटर ४४. पण मेअखेर इथे १२ लाख ८० हजार लिटर उरतात, पहिल्यात उरले होते साडेआठ लाख. क्षमतेच्या यादीत ही दोन्ही तळी शेजारी-शेजारी, सारख्याच आकड्याने उभी राहतील. अर्थात खोल तळेच खोदा असा नियमही यातून काढता येत नाही. खोल गेले की कुठे कठीण थर लागतो, कुठे खारट पाणी. उभ्या काठांवरून शेळ्या-गाई खाली उतरू शकत नाहीत, उतरल्या तर वर येऊ शकत नाहीत. सांगायचा मुद्दा इतकाच की ‘क्षमता’ हा शब्द वाळवंटात फारच थोडे सांगतो.

उडून जाते ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात, ही आणखी एक गोम. पातळी जसजशी उतरते तसतसे उरलेले पाणी मचूळ होत जाते. उन्हाळ्यात अशा तळ्याच्या काठावर उभे राहिले की पाण्याच्या जुन्या पातळ्या पांढुरक्या रेघांनी दिसतात, न्हाणीघरातल्या जुन्या बादलीवर दिसतात तशा. त्याखाली खुरांचे ठसे वाळून विटेसारखे घट्ट झालेले. मधोमध हिरवट डबके, आणि त्याच्या कडेला पुढचे पाय चिखलात रोवून पाणी पिणारी जनावरे. मूल्यमापनाचा फोटो काढायचाच असेल तर तो या दिवसांत काढावा.

बाष्पीभवन थांबवायचे नवे उपाय अधूनमधून गाजतात. पाण्यावर मेणासारख्या अल्कोहोलचा रेणूभर जाडीचा पापुद्रा पसरायचे प्रयोग ऑस्ट्रेलियात १९५०च्या दशकापासून झाले. वारा सुटला की पापुद्रा एका काठाला गोळा होतो. २०१५ साली लॉस एंजेलिसच्या एका जलाशयावर ९ कोटी ६० लाख काळे प्लॅस्टिकचे चेंडू सोडले, त्याची चित्रे जगभर फिरली. पुढे कोणीतरी ते चेंडू बनवायलाच किती पाणी लागले याचा हिशोब मांडला आणि उत्साह जरा ओसरला. शहराच्या जलाशयाला हे परवडेल. वाळवंटातल्या वस्तीला नाही.

वाळवंटात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांनी यावर वेगळेच उत्तर काढले होते. थरमध्ये पाण्याच्या तीन जाती मानतात. पावसाचे थेट गोळा केलेले ते पालर पाणी, वाळूत मुरून खालच्या खडिया किंवा जिप्समच्या थरावर ओलाव्याच्या रूपाने अडून राहिलेले ते रेजाणी पाणी, आणि खोल भूगर्भातले, बहुधा खारे, ते पाताळ पाणी. पालर पाणी उघड्यावर फार दिवस ठेवायचे नाही, हे या वर्गवारीतच गृहीत आहे. प्यायचे असेल तर ते टाक्यात जाते, म्हणजे जमिनीखालच्या झाकलेल्या हौदात, ज्याला वर एक छोटे तोंड आणि त्यावर झाकण, बऱ्याचदा कुलूपही. पिकाला द्यायचे असेल तर ते खडीनमध्ये जाते. जैसलमेरच्या पालीवालांनी काही शतकांपूर्वी रुजवलेली ही पद्धत. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी शेताच्या खालच्या अंगाला लांबलचक मातीचा बांध घालून अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे, उरलेले सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. नोव्हेंबरमध्ये पाहायला गेलात तर खडीन कोरडे दिसेल. पाण्याचा टिपूस नाही. पाणी सगळे मातीत, आणि माती पिकाखाली.

ट्युनिशियाच्या दक्षिणेला मातमाता डोंगरांत ओढ्यात बांध घालून त्यामागच्या गाळात जैतुनाची झाडे लावतात, तीही याच जातीची युक्ती. केनियात किटुई-मचाकोस भागात हंगामी नद्यांच्या पात्रात बांध घालून मागे वाळू साचू देतात. बांधाच्या पोटात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. घनफळाच्या हिशोबात हा शुद्ध तोटा आहे, कारण वाळूतल्या पोकळीत पाणी मावणार चौथाई-तिहाई. पण पाण्याची पातळी वाळूखाली हात-दीड हात उतरली की उन्हाचा हात तिथवर पोचत नाही. क्षमता गमावून तारीख कमावलेली.

ओमानचे उदाहरण तर क्षमतेच्या पुजाऱ्यांना कोड्यात टाकील. तिथे १९८५ साली अल खौद येथे, आणि नंतर इतरही वादींवर, म्हणजे एरवी कोरड्या आणि पावसातच वाहणाऱ्या नद्यांवर, धरणे बांधली ती पाणी साठवायला नाहीच. वादीला लोंढा येतो तो गाळाने भरलेला असतो. तो तसाच समुद्राकडे पळाला तर जमिनीत मुरत नाही. धरण त्याला थोडे दिवस थांबवते, गाळ खाली बसतो, मग निवळलेले पाणी सावकाश पुढे सोडून खालच्या खडी-वाळूच्या पात्रात मुरवतात. लोंढा गेल्यावर थोड्याच दिवसांत हे धरण रिकामे दिसले पाहिजे. भरलेले दिसले तर काहीतरी बिघडले आहे, बहुधा गाळाने तळ बुजलाय. म्हणजे एकाच नजरेने, एकाच तारखेला सगळी तळी तपासत फिरणारा माणूस खडीनला नापास करील, ओमानच्या धरणाला नापास करील आणि उघड्या पसरट तळ्याला पहिला नंबर देईल.

म्हणून पहिला प्रश्न हा, की हे पाणी कशासाठी? पावसाने मध्येच दडी मारली असताना पिकाला एक पाणी द्यायचे असेल तर साठवण तीन आठवडे टिकली तरी काम फत्ते. दिवाळीनंतर तीन महिने गुरांना पाणी मिळावे म्हणून असेल तर उघडे मातीचे तळे उत्तम. लवकर वापरलेले पाणी सूर्याच्या तावडीतून सुटते, इतकाच त्यातला हिशोब. मे-जूनमध्ये माणसांनी प्यायचे असेल तर मात्र उघडे तळे हा चुकीचा पर्याय आहे. ते कितीही मोठे असले तरी.

दुसरी फसवणूक सरासरीची. एखाद्या ठिकाणी वर्षाला २०० मिलिमीटर पाऊस पडतो, हे वाक्य तळ्याच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक आहे. कोरड्या जमिनीवर पडलेले पहिले काही मिलिमीटर जमीनच पिऊन टाकते. वाहायला लागते ते त्यानंतरचे. त्यामुळे दहा-दहा मिलिमीटरच्या वीस सरींनी तळे कोरडेच राहू शकते आणि पन्नास-पन्नासच्या चार सरींनी ओसंडते. दोन्ही वर्षांची नोंद मात्र २०० मिलिमीटरच. आणि वाळवंटात वर्षे एकमेकांसारखी नसतातच.

इस्रायलच्या नेगेव वाळवंटात मायकेल एव्हेनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवदत येथे नबातियन या प्राचीन वाळवंटी लोकांची जुनी शेती पुन्हा उभी करून पाहिली. वर्षाला १०० मिलिमीटरच्या आत-बाहेर पावसावर ही शेती चालायची, कारण एका एकराच्या शेताला वीस-तीस एकर उतारावरचे पाणी मिळायचे. त्यांना दिसलेली एक गोष्ट तळी खोदणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी. लहान पाणलोटातून दर एकरी जितके पाणी मिळते तितके मोठ्या पाणलोटातून मिळत नाही, कारण लांबचे पाणी वाटेतच मुरते. नकाशावर मोठाला पाणलोट रंगवून त्याला पावसाच्या सरासरीने गुणले की कागदावर तळे भरते. जमिनीवर ते भरत नाही.

झाकलेल्या टाक्याचेच बघा. सहा माणसांच्या घराला माणशी रोज १० लिटर पिण्या-स्वयंपाकापुरते धरले तर वर्षाला २१ हजार ९०० लिटर लागतात. २१ हजार लिटरांचे टाके हे म्हणूनच नेहमीचे माप. वर्षाला २०० मिलिमीटर पाऊस आणि त्याचा तीस टक्के भाग वाहून येतो असे मानले तर ३५० चौरस मीटर अंगणाने ते भरते. कागद चोख आहे. आता वाईट वर्ष घ्या. पाऊस ८० मिलिमीटर, सरी हलक्या, वाहून येणारा भाग वीस टक्क्यांवर घसरलेला. मिळाले ५ हजार ६०० लिटर. त्या घराचे त्र्याण्णव दिवस. पाऊस निम्म्याहून खाली आला, पण पाणी मात्र चौथाईवर. दुष्काळात तळी-टाकी पावसाच्या प्रमाणात कमी भरतात हा समज त्यामुळे चुकीचा आहे. ती त्याहून झपाट्याने कोसळतात. आणि ज्या वर्षासाठी हा सगळा खटाटोप, ते वर्ष तर हेच.

त्या वर्षी टाके रिकामे राहत नाही हेही खरे. ते टँकरने भरतात, किंवा जवळ कालवा-नळ पोचला असेल तर त्याने. बाहेरून टाके भरलेलेच दिसते. कोणी सर्वेक्षण करायला आला आणि त्याने झाकण उघडून आत पाणी पाहिले की ‘वापरात आहे’ या रकान्यात खूण होते. ते वापरात आहेच, पण पावसाची साठवण म्हणून नाही, टँकरची टाकी म्हणून. जैसलमेरचा गडीसर तलाव चौदाव्या शतकापासून शहराची तहान भागवत होता, त्याच्या आगोराची, म्हणजे पाणलोटाच्या माळाची, स्वच्छता राखण्याचे कडक दंडक होते. आता तिथे पर्यटक होडीतून फिरतात, आणि पाणी इंदिरा गांधी कालव्याचेही येते. काठावर उभा राहिलेला पाहुणा मात्र ‘वाळवंटात पूर्वजांनी बघा कसे पाणी राखले’ असे म्हणत परततो. पाणी दिसणे वेगळे आणि ते कुठून आले हे कळणे वेगळे.

याच्या उलट टोकाला बाडमेर. २००६च्या ऑगस्टमध्ये तिथे दोन-तीन दिवसांत वर्षभराच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त पाऊस कोसळला. कवास गाव बुडाले, आणि जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे पाणी मुरेना, महिनोन्‌महिने तसेच उभे राहिले. त्या वर्षी त्या जिल्ह्याची साठवलेल्या पाण्याची आकडेवारी काढली असती तर ती डोळे दिपवणारी निघाली असती. म्हणूनच चांगल्या वर्षात केलेले मूल्यमापन मी मूल्यमापन मानत नाही. दहा वर्षांपैकी किती वर्षे तळ्याने आपले काम केले, आणि ज्या वर्षी नाही केले त्या वर्षी लोकांनी काय केले, एवढे दोन प्रश्न पाणीसाठ्याच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त सांगून जातात.

गाळाबद्दल थोडक्यात. अब्बासी खलिफा हारून अल-रशीदची राणी झुबैदा हिच्या नावाने ओळखला जाणारा कूफा ते मक्का हा यात्रामार्ग वाळवंटातून चौदाशे किलोमीटर जातो. त्यावरच्या कित्येक हौदांना आधी एक लहान कुंड जोडलेले आहे. लोंढा प्रथम त्यात यायचा, गाळ टाकायचा, मग निवळ पाणी मुख्य हौदात. बाराशे वर्षांपूर्वी जे सुचले ते आजच्या कित्येक तळ्यांच्या आराखड्यात नसते. जिथे असते तिथे ते कुंड उपसायचे कोणी, हे ठरलेले नसते.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो, आणि इथे तळ्यांच्या बाजूने बोलणारे माझे मित्र चिडतात. ‘काहीच नसण्यापेक्षा तळे बरे’ हे वाक्य मला खोडून काढायचे आहे. नेहमी बरे असतेच असे नाही. १९६८ ते १९७३च्या दुष्काळात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या साहेल पट्ट्यात गुरे मेली ती बहुतांशी तहानेने नाही, भुकेने. खोल नळकूप झाले होते, पाणी होते. पाण्याभोवती दूरदूरचे कळप येऊन थांबले, आजूबाजूचे गवत मुळापासून संपले, आणि जनावरे पाण्याच्या कडेला पडून मेली. ते पाणी जमिनीखालचे होते, पावसाच्या तळ्याचे नव्हते, हे मान्य. पण धडा तळ्यालाही लागू आहे. भटक्या पशुपालकांचे जुने गणित असे होते की पाणी आटले की कळप उठतो आणि चराईला विश्रांती मिळते. आटणारे पाणी हाच चराईचा राखणदार होता. तिथे बारमाही पाणी आणून ठेवले की राखणदाराची सुट्टी झाली.

सुदानमध्ये हफीर म्हणतात त्या खोदलेल्या तळ्यांची परंपरा दोन हजार वर्षांची आहे. मुसव्वरात अस-सुफ्रा येथील प्राचीन हफीराचा व्यास अडीचशे मीटरच्या आसपास भरतो. विसाव्या शतकात यंत्रांनी हफीर भराभर खोदले गेले आणि त्यांच्याभोवती उघडी पडलेली, तुडवलेली जमीन वर्तुळासारखी पसरत गेली. सोमाली पशुपालकांच्या एका पठाराचे नाव मराठी कानाला गंमत वाटेल असे आहे: हौद. तिथे १९५०च्या दशकापासून सिमेंटचे खाजगी हौद, बरकद, बांधले जाऊ लागले. मालकी खाजगी, म्हणून पाणी विकत. पाण्याभोवती वस्ती, वस्तीभोवती कुंपणे, आणि पूर्वी कोणीही चारू शकत असे ती जमीन हळूहळू कोणाची तरी झाली. आता या बरकदांनी किती लिटर पाणी दिले हे मोजून मूल्यमापन होईल का? ज्या कळपांचा रस्ता बंद झाला ते त्या मोजणीत कुठेच येत नाहीत.

आणि आजार. तळ्याच्या पायरीवर उतरून पाणी भरायच्या काळात राजस्थानातल्या कित्येक गावांत नारू घरोघरी होता. पायातून दोऱ्यासारखा निघणारा तो जंत, काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढून काढायचा. रुग्ण पाण्यात उतरला की जंताची पिल्ले पाण्यात, तिथून सूक्ष्म जलचरांत, तिथून पिणाऱ्याच्या पोटात. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. त्यासाठी पाणी गाळून प्यायला शिकवावे लागले, पायविहिरी बंद कराव्या लागल्या. इथिओपियातल्या टिग्रे भागात छोट्या धरणांच्या जवळच्या आणि दूरच्या गावांची तुलना १९९९ साली प्रसिद्ध झाली. जवळच्या गावांतल्या मुलांमध्ये मलेरियाचे प्रमाण सातपट आढळले. त्या अभ्यासाचे पहिले लेखक टेड्रोस अधानोम घेब्रेयेसस पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झाले. पाणी अडवू नका असा त्यांचा निष्कर्ष नव्हता. माझाही नाही. पण तापाने फणफणलेली मुले हा तळ्याच्याच खात्यावरचा खर्च आहे. तो आरोग्य खात्याच्या वहीत लिहिला म्हणून नाहीसा होत नाही.

त्याच इथिओपियात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घराघरामागे तळे खोदायची मोठी मोहीम निघाली. अमुक भागात तमुक तळी, असे उद्दिष्ट. तळी भराभर खोदली गेली. पण पुष्कळ तळ्यांतले पाणी झिरपून गेले, कारण खड्डा कुठल्या मातीत खणला जातोय हे बघायला वेळ नव्हता. हे कोणाच्या दुष्टपणाने झाले नाही. जे मोजले जाते ते होते. खड्डे मोजले, खड्डे मिळाले.

यावर एक आक्षेप असा येईल की इतके सगळे तपासत बसले तर एकही तळे होणार नाही. गरज आज आहे, अभ्यासाला वर्षे लागतात. आक्षेप खोटा नाही. मीही प्रत्येक तळ्यासाठी जलशास्त्रज्ञ बसवा असे म्हणत नाही. उपग्रहाची चित्रे हल्ली फुकट मिळतात, त्यांवरून कुठल्या तळ्यात कोणत्या महिन्यापर्यंत पाणी दिसत होते हे घरबसल्या पाहता येते. त्यांत पसारा दिसतो, खोली दिसत नाही, बारकी तळी तर दिसतच नाहीत. तरी भरलेल्या तळ्याच्या फोटोपेक्षा ते केव्हाही बरे.

आणि त्याहून स्वस्त साधन म्हणजे तळ्याच्या सगळ्यात खोल जागी रोवलेली, सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेली एक दांडी आणि एक वही. दर पंधरा दिवसांनी एक आकडा. दांडी कोरडी पडली ती तारीख. पाणी बाहेरून आणून टाकले असेल तर कोठून, कधी, किती खेपा. गाळ कधी काढला, कोणी, पैसे कोणी दिले. तळे पाटीवर कितीही लाख लिटरांचे असो, तीन-चार वर्षांच्या अशा नोंदी हाती आल्या की ते काय लायकीचे आहे ते कळते, आणि पुढचे तळे कसे खोदावे हेही. अट एकच. ती वही ठेकेदाराकडे नको आणि तळे बांधून देणाऱ्या संस्थेकडेही नको. टाक्याच्या तोंडाशी रोज सकाळी बादली सोडणारी बाई दोर किती हात ओला होऊन वर आला यावरून पाणी किती दिवस पुरेल ते आजही सांगते. तिला फक्त कोणी विचारलेले नसते, आणि विचारलेच तर टाके चालू आहे का, एवढेच विचारतात.